लाल शाईची पानं फेकू नकोस

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका २५ वर्षांची आहे. पुण्यात इंग्रजी माध्यमातून पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम केला, मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धांत, बक्षिसं मिळवली. घरात आधी कोणी वकील नाही. सनद घेऊन वर्ष झालं आणि गेले नऊ महिने ती पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्याच जिल्ह्याच्या गावी एका ज्येष्ठ दिवाणी वकिलांकडे ज्युनियर आहे. फायली उचलणं, तारखा घेणं, मुदतीचे अर्ज देणं, नकलांसाठी रांगेत उभं राहणं यातच दिवस जातो. महिन्याला चार हजार रुपये मिळतात. गेल्या महिन्यात सरांनी पहिल्यांदाच तिला मनाईहुकमाचा एक दावा लिहायला सांगितला. तिने रात्र जागून तो मराठीत लिहिला. सरांनी लाल शाईने खोडला आणि ऑफिसातल्या कारकून काकांनी अर्ध्या तासात तोंडी सांगून नवा टाइप करून घेतला. ती बाररूममध्ये जाऊन रडली. आता हे सोडून न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा अभ्यास करावा, मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जावं, की कंपनीत नोकरी धरावी, असा तिचा पेच आहे. शेवटी ती विचारते, ‘ताई, मी वकील आहे की कारकून?’

उत्तर:

तुझं पत्र वाचल्यावर मी आधी काय केलं ते सांगते. खोडलेल्या मसुद्याच्या पहिल्या पानाचा फोटो तू सोबत पाठवलास. त्यावर वादी-प्रतिवादींची नावं, गाव, गट नंबर, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी मजकूर वाचला आणि फोटो पुसून टाकला. तुझा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे बंधन वकिलावर आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ते आलंय, आणि त्याच कलमात हेही लिहिलंय की हे बंधन वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे. म्हणजे ज्या दोघांमध्ये तू रेघ ओढते आहेस, त्यांना कायद्याने एका ठिकाणी तरी एकाच ओळीत उभं केलंय.

‘वकील की कारकून’ या तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू धरूनच चालली आहेस. डोक्याने करायचं ते वकिलीचं काम आणि पायांनी करायचं ते कारकुनीचं. मीही एके काळी तसंच समजत होते. आता नकलेच्या रांगेचंच घे.

जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील करायला ३० दिवस असतात, हे तुला परीक्षेपासून पाठ आहे. नक्कल मिळवायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, हेही तू वाचलं असशील. पण हातात आलेली नक्कल कधी उलटी करून पाहिलीस? तिच्यावर तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. समज, निकाल ३ जूनला लागला. मुदत ३ जुलैला संपते. तू १० जूनला अर्ज केलास आणि नक्कल २४ जूनला तयार झाली, तर ते १५ दिवस वजा होऊन शेवटचा दिवस १८ जुलैवर जातो. मात्र तयार नक्कल तू आठवडाभर उचललीच नाहीस, तर तो आठवडा मुदतीतून वजा होत नाही. लोकांची अपिलं अशा ठिकाणी मरतात, आणि मग विलंबमाफीच्या अर्जात ‘वकिलांच्या कारकुनाकडून नजरचुकीने’ असं लिहायची वेळ येते. त्या रांगेत उभं राहून तू मुदतीचा कायदाच शिकते आहेस, फक्त तो तसा शिकते आहेस हे तुला कोणी सांगितलेलं नाही.

न वटलेल्या चेकच्या केसचंही तेच. बँकेची सूचना आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, आणि ते संपले की महिन्याभरात फिर्याद. तीन तारखा आहेत आणि तिन्ही एकमेकींना बांधलेल्या. पुस्तकात हे चार ओळींत होतं. ऑफिसात तेच डायरीच्या तीन पानांवर, तीन वेगवेगळ्या महिन्यांत लिहावं लागतं, आणि नोटीस पोचल्याची तारीख पोस्टाच्या वेबसाइटवरून वेळेत काढून ठेवावी लागते, कारण काही महिन्यांनी तिथे ती सापडेलच असं नाही. तुझी स्वतःची डायरी कर. सरांच्या डायरीतल्या तारखा उतरवून घेण्यापुरती नको. प्रत्येक तारखेपुढे ‘त्या दिवशी आपल्याला काय करायचंय’ ही एक ओळ लिही. समोरच्याच्या अर्जावर लेखी म्हणणं द्यायचंय, कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर द्यायचंय, साक्षीदाराचं सरतपासाचं प्रतिज्ञापत्र तयार हवंय, समन्सचा भत्ता भरायचाय. कैफियतीला ३० दिवस, आणि न्यायालयाने कारण नोंदवून वाढवले तर ९०, हे जिला माहीत आहे ती ८८व्या दिवशी पक्षकाराला फोन करत नाही.

आता त्या लाल शाईकडे येऊ. तुझा मसुदा सुरू होतो तो ‘वादी हा शांतताप्रिय व कायद्याचे पालन करणारा नागरिक असून’ असा. सरांनी पहिली रेघ इथेच मारली आहे. हे वाक्य तू इंग्रजी नमुन्यातून आणलंस, हे मला लगेच कळलं, कारण माझ्या पहिल्या मसुद्यातही ते होतं. त्या वाक्याने न्यायाधीशांना काहीच कळत नाही. काकांनी काय सांगितलं ते तूच पत्रात लिहिलंयस: मौजे अमुक, तालुका अमुक, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार रुपये-पैशांत, आणि मग ‘यांसी चतुःसीमा: पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस’. तुला ते जुनाट आणि साचेबंद वाटलं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ७, रूल ३ नेमकं हेच मागते: स्थावर मिळकत ओळखू येईल असं तिचं वर्णन. काकांनी ऑर्डर ७ वाचली नसेल, पण गेली कित्येक वर्षं ते ती टाइप करून घेतायत.

चतुःसीमेवरून माझी एक चूक सांगते, कारण ती अजून मला टोचते. वकिलीचं दुसरं वर्ष होतं. बांधाच्या भांडणाचा दावा मी लिहिला आणि चतुःसीमा जुन्या खरेदीखतावरून जशाच्या तशा उतरवल्या. खरेदीखत सर्व्हे नंबरच्या काळातलं. नंतर एकत्रीकरण होऊन गट पडले होते, शेजारच्या रानाची वाटणी झाली होती. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर युक्तिवाद सुरू झाला तेव्हा समोरच्या वकिलांनी गटाचा नकाशा पुढे केला आणि शांतपणे म्हणाले, ‘दाव्यात वर्णन केलेली जमीन जागेवर नाहीच.’ मनाई नाकारली गेली. दावा दुरुस्तीचा अर्ज मंजूर व्हायला चार महिने गेले, आणि तेवढ्यात बांधालगतचा ऊस समोरच्यांनी तोडून नेला. पक्षकार साठीच्या पुढचे होते. पुढच्या तारखेला ते नेहमीसारखी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आले. मला त्या शेंगा खाववल्या नाहीत. आमच्या कारकुनांनी मला एवढंच विचारलं होतं, ‘मॅडम, बांधावर गेला होतात का?’

तेव्हापासून जमिनीचा दावा असेल तर मी जागेवर जाते. जमत नसेल तर पक्षकाराला कोऱ्या कागदावर हाताने नकाशा काढायला लावते आणि तो सातबारा, आठ अ, फेरफार आणि गटाच्या नकाशाशी ताडून पाहते. तूही पुढच्या दाव्याच्या आधी हे कर. तुझ्या सरांनी सांगितलं नसलं तरी कर.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुझं खरं दुखणं मला तिथे दिसतं. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी करण्याची अधिसूचना राज्य सरकारने १९९८ साली काढली. तरी आपल्याकडे हजारो मुलं-मुली कायदा इंग्रजीत शिकतात आणि तालुक्याच्या कोर्टात मराठीत उभी राहतात. ‘प्लेंट’ म्हणजे दावा, ‘रिटन स्टेटमेंट’ म्हणजे कैफियत, ‘डिक्री’ म्हणजे हुकूमनामा, ‘एक्झिक्यूशन’ म्हणजे दरखास्त, हे पाठ करून होत नाही. ऐकून आणि लिहून होतं. ऑफिसात माळ्यावर निकाली फायली असतील. आठवड्याला एक खाली काढ आणि उलटी वाच: आधी निकालपत्र, मग वादमुद्दे, मग उलटतपास, मग कैफियत, सगळ्यात शेवटी दावा. न्यायाधीशांनी ज्या वाक्यावर निकाल दिला ते दाव्यात कुठल्या परिच्छेदात पेरलेलं होतं ते शोध. नसेल, तर दावा का हरला तेही तुला तिथेच सापडेल. मूट कोर्टात तयार प्रसंग हातात देतात. इथे प्रसंग पक्षकाराच्या तोंडून आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढावा लागतो.

त्या पिशवीबद्दलही सांगते. पक्षकार बोलत असताना तिथे बसायची परवानगी सरांकडे माग. सुरुवातीला काही बोलू नकोस, फक्त तारीखवार टिपणं काढ. माणूस भावाने काय केलं तिथून सुरू करतो, मग आईच्या आजारपणावर जातो, मग अचानक १९८६ च्या वाटणीवर येतो. तू ते उलगडून एका कागदावर वर्षांच्या क्रमाने मांडलंस आणि प्रत्येक घटनेसमोर ‘कागद आहे’ किंवा ‘कागद नाही’ असं लिहिलंस, की अर्धा दावा तयार झाला. हा कागद सरांच्या टेबलावर ठेव. नऊ महिने जे मागून मिळालं नाही ते यातून मिळू शकतं. आणि मूळ दस्तऐवज हातात घेतलास तर यादी करून पोच दे, परत करताना सही घे. अपवाद करू नकोस, पक्षकार नात्यातला असला तरी.

काकांशी स्पर्धा मनातून काढून टाक. तुला जे येतं ते त्यांना येत नसेल. बऱ्याच ऑफिसांत अजून मराठी टायपिंग श्रीलिपी नाहीतर कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये चालतं आणि तो मजकूर ई-फायलिंगला नेताना त्याची अक्षरं फुटतात. तू त्यांना युनिकोड शिकव, ई-कोर्टवर सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून तारीख कशी पाहायची ते दाखव, मोबाइलमधलं रेकॉर्डिंग दाखल करायचं असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे दोन भाग कोणते ते समजावून सांग. त्या बदल्यात फायलिंगच्या टेबलावर त्रुटी निघू नयेत म्हणून ते काय काय तपासतात, ते एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहा: वकीलपत्रावरचं तिकीट, पत्ता पुरसीस (पक्षकाराच्या पत्त्याचं निवेदन), दस्तऐवज यादी, कोर्ट फीचा हिशेब, प्रतिज्ञापत्रावरची सही. ‘काका, मला शिकवा’ एवढं म्हणायला तुझ्या पदवीला काही कमीपणा येत नाही.

एक गोष्ट मात्र शिकू नकोस. एखादं काम लवकर व्हावं म्हणून टेबलाखालून काही द्यायची पद्धत कुठे दिसली, तर ‘असंच चालतं’ हे वाक्य स्वतःच्या तोंडी येऊ देऊ नकोस. पहिल्या वर्षी जे हाताला वळण लागतं ते पुढे सुटत नाही. अर्ज कर, नंबर लागेपर्यंत थांब, फार झालं तर लेखी तक्रार कर. तुझं काम दोन दिवस उशिरा होईल. होऊ दे.

सर शिकवत नाहीत, ही तुझी तक्रार अर्धी खरी आहे. त्या पिढीतले बरेच वकील बोलून शिकवत नाहीत, खोडून शिकवतात, कारण त्यांनाही तसंच शिकवलं गेलं. याला मी चांगली पद्धत म्हणणार नाही. रात्र जागून लिहिणाऱ्या मुलीला ‘इथे तारीख नाही, इथे कागदाचा उल्लेख नाही’ एवढं तोंडाने सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण हे लक्षात घे की त्यांनी तुझा मसुदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ज्याला शिकवायचंच नाही तो पहिल्या पानावर बाजूला ठेवतो. तेव्हा ‘मला काम द्या’ असं मोघम मागू नकोस. उद्याच्या बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या यादीत, काय आहे ते पाहा, एखादं म्हणणं आपणहून लिही, आणि संध्याकाळी पक्षकार गेल्यावर म्हण, ‘सर, उद्याचं म्हणणं लिहिलंय, पाच मिनिटं बघाल का?’ हे तीन महिने कर. तरीही टेबलावरचा कागद हातात घेतलाच गेला नाही, तर ऑफिस बदल. कोणाचा अपमान होत नाही. आणि कामाच्या नावाखाली वीजबिल भरणं, मुलांना क्लासला सोडणं असलं काही सुरू असेल, तर तीन महिनेही थांबू नकोस.

चार हजार रुपयांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, जणू त्याबद्दल बोलणं वाईट. ते वाईट नाही. भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियर वकिलांना शहरी भागात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही, म्हणून ती कोणी तुला आपणहून सांगणार नाही. पण तू बोलू शकतेस. एकदम आकडा टाकणं जड जात असेल तर प्रवासखर्च आणि झेरॉक्सचे पैसे वेगळे मिळावेत, इथून सुरुवात कर आणि वर्ष पूर्ण होताना वाढीचा विषय काढ. ज्यांच्या घरी आधीपासून वकिली आहे त्यांना चार हजारांवर तीन वर्षं काढता येतात. तुझ्यासारख्यांना येत नाहीत, आणि म्हणून चांगल्या मुली हा व्यवसाय सोडून जातात. याचा मला मनापासून राग येतो.

आता तुझे तीन पर्याय. परीक्षेसाठी काम सोडायचा विचार तूर्त बाजूला ठेव. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. ती वर्षं तात्पुरत्या सनदेपासून धरली जातात, आणि त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीशांचं, किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं न्यायाधीशांच्या शिक्कामोर्तबासह, प्रमाणपत्र लागतं. म्हणजे तुझं एक वर्ष त्या खात्यात जमा झालेलंच आहे. कोर्टात जात जात अभ्यास कर. जाहिरात निघाली की तिच्यातल्या अटी स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. कंपनीतल्या नोकरीला मी नावं ठेवणार नाही. घरी पैशांची खरीच निकड असेल तर ती सरळ धर.

कोल्हापूरचा विचार मात्र मला आवडला, फक्त आज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथे जातं. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, पण खालून येणारं रेकॉर्ड मराठीत असतं: दावे, साक्षी, फेरफार, पंचनामे. ‘बांध कोरणे’, ‘वहिवाट’, ‘हिस्सेवाटप’, ‘कूळ’ हे शब्द ज्याने जमिनीवर उभं राहून ऐकलेत आणि जो ते अचूक इंग्रजीत नेऊ शकतो, असा ज्युनियर तिथल्या कुठल्याही ऑफिसला हवाच असतो. तुझं इंग्रजी पक्कं आहेच. मराठीची बाजू तू आत्ता, नेमकी याच ऑफिसात, कमावते आहेस. अजून दीड-दोन वर्षं दे आणि मग जा.

रडण्याबद्दल तू दोनदा माफी मागितलीस. बाररूमच्या त्या कोपऱ्यात आमच्यापैकी बऱ्याच जणी रडून आल्या आहेत. पुढच्या वेळी एकटी बसू नकोस, शेजारच्या एखाद्या वकीलताईला हाक मार.

ती लाल शाईची पानं फेकली नसशील तर शनिवारी संध्याकाळी काकांनी सांगितलेला मसुदा शेजारी ठेवून वाचायला बस, आणि आधी ‘दाव्यास कारण’ हा परिच्छेद काढ. तू पहिल्या पानावर लिहिलंयस, ‘प्रतिवादी वारंवार अडथळा करीत आहेत.’ कधी, कुठे, कोणासमोर, हे त्यात नाही. काकांच्या मसुद्यात बघ, तिथे एक तारीख असेल, गावाचं नाव असेल, आणि बहुतेक बांधावर हजर असलेल्या एखाद्या माणसाचंही.